पायाखालच्या भूमीचे अध्ययन

हिंगोली जिल्ह्याची भूमी दख्खनच्या काळ्या अग्निजन्य पाषाणाची होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी शिलारसाचे थरावर थर साचून हे पठार झाले. ते अचल आहे हा समज पिढ्यान् पिढ्या दृढ होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या भूकंपाने त्यास तडा गेला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने तो पार मोडला. हजारो माणसे गेली ती बहुतांशी मातीत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदे अंगावर कोसळून.

पुढे १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तेथील भूशास्त्र संकुलामुळे हिंगोलीच्या विद्यार्थ्यास खडक, भूजल व पर्यावरण यांचे उच्च अध्ययन घराजवळ साध्य झाले. अशा अध्ययनाचे मोल लवकरच प्रत्ययास आले. औंढा नागनाथनजीक दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस २०१६ मध्ये तत्त्वतः व २०२३ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असावयाच्या. जमिनीचे सूक्ष्म कंपनही तिच्या मापनास बाधक, म्हणून अशा स्थळाची निवड भूमीच्या परीक्षेवाचून होत नाही.

तथापि २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी याच जिल्ह्यास ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. तात्पर्य, दूरच्या ताऱ्यांची टक्कर टिपण्यास जे भूमिज्ञान लागते, तेच शेजारच्या खेड्यातील भिंत कशी बांधावी हे ठरविण्यासही लागते. आणि त्याची निकड अधिक आहे.