ट. ख. निराळा

जुन्या मराठी मासिकांतील पुस्तकांच्या जाहिरातींत किंमतीच्या आंकड्यापुढें बारीक टाइपांत “ट. ख. निराळा” एवढें छापलेलें असे. ट. ख. म्हणजे टपाल खर्च. वस्तूचें मोल एक आणि ती घरापर्यंत आणण्याचें मोल दुसरें, हा हिशेब त्या दोन अक्षरांनीं ग्राहकापुढें उघडा मांडला जाई.

हिंदुस्थानांत घरपोंच व्यापाराचा पाया घातला तो १८७७ सालीं टपाल खात्यानें सुरू केलेल्या व्हॅल्यू पेएबल पद्धतीनें, म्हणजे लोकांच्या तोंडच्या व्ही. पी.नें. पोस्टमननें पैसे घ्यावे, मग पार्सल हातीं द्यावें, आणि रक्कम धाडणाऱ्यास पोंचती व्हावी, अशी ही व्यवस्था. १८८० सालीं मनीऑर्डरीचें कामहि खात्याकडे आलें. पुस्तकें, औषधें, घड्याळें अशा जिनसा दूरदूरच्या गांवीं जाऊं लागल्या. एकमेकांचें तोंडहि न पाहिलेल्या दुकानदार व ग्राहक यांच्यामध्यें पोस्टमन हा जामीन झाला.

हें परवडलें कसें? पोस्टमन पत्रें घेऊन त्या आळींत जाणारच होता. एका पार्सलाच्या वांट्यास त्याच्या पायपिटीचा लहानसा अंशच येई. खरें दुखणें होतें तें नाकारलेल्या पार्सलाचें. ग्राहकानें “नको” म्हटलें कीं वस्तु परत जाई आणि टपालाचा भुर्दंड विक्रेत्याच्या माथीं बसे. म्हणून कित्येक जण कांहीं रक्कम आगाऊ मागत.

आधींच चालू असलेल्या अशा फेरीचा आधार नसेल, तर काय होतें हें अमेरिकेंत दिसलें. १९९९ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांत वेबव्हॅन या कंपनीनें इंटरनेटवरून मागणी घेऊन वाणसामान घरोघर पोंचविण्याचा घाट घातला. स्वतःचीं प्रचंड कोठारें, स्वतःच्या गाड्या, आणि ग्राहक निवडील त्या अर्ध्या तासांत माल दारांत! एकाच आळींतील दोन घरांनीं निराळ्या वेळा सांगितल्या कीं गाडीला दोन खेपा घालाव्या लागत. २००१ च्या जुलैंत कंपनीचें दिवाळें वाजलें. गिऱ्हाइकें नव्हतीं असें नाहीं. दाराशीं थांबण्याचा खर्च किराण्याच्या तुटपुंज्या नफ्यांत मावेना.

भारतांत २००७ सालीं पुस्तकांपासून आरंभ करणाऱ्या फ्लिपकार्टनें २०१० सालीं माल हातीं आल्यावर पैसे घेण्याची रीत सुरू केली. ही व्ही. पी.चीच धाकटी बहीण. नाकारलेल्या पार्सलाचें दुखणेंहि तिच्या पाठोपाठ आलें. नवी होती ती “पोंचवणी मोफत” ही पाटी. मोफत हा शब्द फसवा आहे. पेट्रोल जळतेंच, जिने चढावेच लागतात. तो खर्च कांहीं वस्तूच्या किंमतींत मुरतो, कांहीं काळ भागधारकांच्या भांडवलांतून भागतो, आणि उरलेला पोंचविणाऱ्याच्या मजुरींतून निघतो. पोस्टमनचा पगार त्या दिवशींच्या पार्सलांवर ठरत नसे. आजच्या पोंचविणाऱ्या पोरांपैकीं पुष्कळांची कमाई खेपेगणिक ठरते, आणि मोटारसायकल त्यांचीच. अशा कामगारांसाठीं २०२३ सालीं राजस्थाननें केलेल्या कायद्यांत प्रत्येक व्यवहारामागें कंपनीकडून अधिभार घेऊन कल्याणनिधि उभारण्याची तरतूद आहे.