लूप, तांबी आणि आपल्या सासवांची पिढी



तांबी आपण सगळ्याच जाणतो. तिच्या आधी आला 'लूप'. अमेरिकेतल्या डॉ. जॅक लिप्पेस यांचे हे नागमोडी प्लॅस्टिकचे साधन सरकारने १९६५ मध्ये देशभर आणले. शिबिरे भरली, पुष्कळ बायकांनी ते बसवून घेतले. पण थोड्याच वर्षांत मागणी ओसरली.

का? रक्तस्राव वाढे, कंबर-पोट दुखे. आमच्या कळंबसारख्या गावात पाळीच्या दिवसांत ना स्वयंपाकघर, ना मंदिर. चाराचे आठ दिवस झाले की घर अडे, दर्शनही चुके. शिबिर उठल्यावर विचारायचे कुणाला? मग बायका लूप काढून टाकत, अफवाही पसरत.

पुढे तांब्याची तार गुंडाळलेली तांबी आली. आजची ३८० ए दहा वर्षे चालते. काढली की पुन्हा दिवस राहू शकतात. तिच्यानेही सुरुवातीचे काही महिने पाळीत जास्त जाऊ शकते. हे आधीच सांगितले, तर बाई धास्तावत नाही. नकोशी झाली तर ती केव्हाही काढून घेता येते.

म्हणून सासूबाईंच्या पिढीला घाबरट म्हणू नका. आणि सुनेने त्रास सांगितला, तर आधी नीट ऐकून घ्या, मग डॉक्टरांकडे सोबत जा.