दहा हजार लिरांची उधारी

महागड्या हॉटेलातून बाहेर पडलं की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "जेवणाचे नाही, वातावरणाचे पैसे घेतात!" आज अशाच एका जागेचा इतिहास. व्हेनिसचा हॅरीज बार. नाव बार असलं तरी लोक तिथे जेवायलाही जातात, आणि एका प्लेटच्या किमतीत पुण्यात चौघांचं पोटभर जेवण होतं. मी स्वतः तिथे जेवलेलो नाही, आधीच सांगतो.

सुरुवात उधारीची. ज्युसेप्पे चिप्रियानी व्हेनिसच्या हॉटेल युरोपामध्ये बारमन होता. तिथे बॉस्टनचा हॅरी पिकरिंग नावाचा श्रीमंत घरचा तरुण रोज पीत बसायचा. एक दिवस त्याचं पिणं बंद झालं, कारण खिसा रिकामा! ज्युसेप्पेने त्याला १०,००० लिरा उसने दिले. पगारी माणसासाठी ही रक्कम छोटी नव्हती. नंतर हॅरी गायब. आपण काय म्हटलं असतं? बुडाले. पण साधारण दोन वर्षांनी तो परत आला आणि त्याने ५०,००० लिरा हातात ठेवले. म्हणाला, बार काढ.

मे १९३१ मध्ये बार उघडला. सान मार्को चौकाजवळच्या एका बोळात, दोरखंडांच्या जुन्या कोठारात. खोली अगदी छोटी. खिडकीतून कालव्याचा देखावा वगैरे काही नाही. जागा ज्युसेप्पेला मुद्दाम आडबाजूची हवी होती, म्हणजे येणारा ठरवूनच येईल. मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. झुंबरं नाहीत, भपका नाही. साधं लाकडी फर्निचर, टेबलक्लॉथ आणि गिऱ्हाइकाच्या मागे-पुढे न करणारे वेटर. म्हणजे 'वातावरण' तिथे आपोआप आलं नाही, ते विचार करून बांधलं गेलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव आरिगो, म्हणजे इटालियन हॅरी. बारवरून नाव पडलेली माणसं जगात किती असतील?

मुसोलिनीच्या काळात इंग्रजी नाव चालेना, म्हणून पाटीवरही काही वर्षं 'आरिगो' आलं. युद्धानंतर १९४९-५० च्या हिवाळ्यात हेमिंग्वे इथला नेहमीचा गिऱ्हाईक झाला, आणि त्याच्या कादंबरीत या बारचा उल्लेख आल्यावर गर्दी वाढली. पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेको वाइन मिसळून केलेलं 'बेलिनी' इथलंच.

'कार्पाचिओ' पण इथलंच. डॉक्टरांनी एका सरदार घराण्यातल्या बाईंना शिजवलेलं मांस बंद केलं होतं. ज्युसेप्पेने कच्च्या बीफचे कागदासारखे पातळ काप केले आणि वर पांढऱ्या सॉसच्या रेघा मारल्या. व्हेनिसचा जुना चित्रकार कार्पाचिओ, त्याच्या चित्रांतल्या लाल रंगावरून नाव दिलं. बेलिनी हेही चित्रकाराचंच नाव.

२००१ मध्ये इटलीच्या सांस्कृतिक खात्याने या बारला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. एका खोलीला! पण मला एक गोष्ट खटकते. आज ज्युसेप्पेसारखा पगारी बारमन तिथे गिऱ्हाईक म्हणून बसू शकेल का? मला नाही वाटत.

ती डिश मात्र खोलीबाहेर पडली. आता मुंबई-पुण्याच्या कॅफेंत 'बीटरूट कार्पाचिओ' मिळतं. मांस नाही, पीठ नाही, तेल नावाला. रंग मात्र लालच.