वारणेची माहिती केंद्रे : संगणकाकडून लघुसंदेशाकडे

कोल्हापूर जिल्ह्यात वारणा नदीकाठी वसलेल्या वारणानगर येथे १९९८ साली सुरू झालेला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प भारतातील ग्रामीण संगणकीकरणाच्या आरंभीच्या मोठ्या प्रयोगांत गणला जातो. परंतु एखादी माहितीव्यवस्था वापराच्या नोंदी पाहून कशी सुधारावी, या प्रश्नाच्या इतिहासात त्याचे स्थान अधिक मोलाचे आहे.

तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या साखर कारखान्याभोवती दूध संघ, ग्राहक भांडार आणि शिक्षणसंस्था वाढत गेल्याने वारणा परिसरात सहकाराचे जाळे आधीच विणलेले होते, आणि म्हणूनच पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाने या भागाची निवड केली. सुमारे अडीच कोटी रुपयांच्या खर्चापैकी निम्मा वाटा केंद्राने, चाळीस टक्के राज्याने आणि उरलेला वारणा समूहाने उचलला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तांत्रिक बाजू सांभाळली, आणि कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी ५४ माहिती केंद्रे उघडली गेली. पीकसल्ला, बाजारभाव, आरोग्य, शिक्षण आणि जमिनीचे उतारे हे सारे एकाच ठिकाणी मिळावे, अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर येत ते उसासाठी. लागणीची नोंद, म्हणजे कोणत्या क्षेत्रात कोणत्या तारखेला कोणती जात लावली याची माहिती, कारखान्याकडे गेल्याखेरीज तोडणीचा क्रम ठरत नाही. आणि पक्व झालेला ऊस तोडीविना शेतात उभा राहिला तर त्याचे वजन व साखर उतारा दोन्ही घटतात, तर तुटलेला ऊस गाळपाविना पडून राहिल्यास नुकसान आणखी वेगाने होते. त्यामुळे तोड कधी येणार, वजन किती भरले आणि खात्यावर खताची किती उचल झाली, या तीन प्रश्नांवर शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो, आणि पूर्वी त्यांच्या उत्तरांसाठी कारखान्याच्या कचेरीत हेलपाटे घालावे लागत. गावातच उत्तर मिळू लागले, ही या केंद्रांची खरी कमाई होती, आणि ती लहान लेखण्याचे कारण नाही.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूर येथील संशोधकांनी केंद्रांच्या वापराचा अभ्यास केला, तेव्हा इंटरनेट व इतर सेवा जवळजवळ पडूनच असल्याचे आणि गाव व कारखाना यांच्यात केवळ मोजक्या आकड्यांची देवाणघेवाण होत असल्याचे दिसून आले. एवढ्या थोड्या मजकुरासाठी संगणक, त्याची दुरुस्ती आणि वीज यांचा भार वाहण्याऐवजी याच संशोधकांपैकी राजेश वीरराघवन, नाग यशोधर आणि केंतारो तोयामा यांनी मोबाइलच्या लघुसंदेशावर चालणारी व्यवस्था रचली. केंद्रातून आलेली चौकशी कारखान्यातील संगणकाला जोडलेला फोन स्वीकारी, संगणक नोंद शोधी आणि उत्तर संदेशानेच परत जाई. ‘वारणा अनवायर्ड’ नावाच्या या प्रयोगाची चाचणी ७ गावांत ८ महिने चालली, आणि तीत जुन्या व्यवस्थेची सर्व कामे कमी खर्चात पार पडून शेतकऱ्यांनी नव्या पद्धतीलाच पसंती दिली.

वापर पाहून व्यवस्था बदलण्याची अशी रीत संगणक क्षेत्रात आधीच मांडली गेली होती. २००१ साली अमेरिकेत १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी ‘अ‍ॅजाइल’ पद्धतीचा, म्हणजे काम लहान टप्प्यांत पुरे करून वापरणाऱ्याच्या हाती लवकर देण्याच्या आणि त्याच्या प्रतिसादानुसार पुढचा टप्पा बदलण्याच्या रीतीचा, जाहीरनामा काढला होता. व्यवसायांची संकेतस्थळे घडवताना आज तीच रीत सांगितली जाते आणि तिला वापराच्या आकडेवारीची जोड दिली जाते. वारणेत ही रीत एका ठळक रूपात दिसते, कारण तेथे सुधारणा नव्या सोयी जोडून झाली नाही, तर ज्या सोयींना गिऱ्हाईक नव्हते त्या वगळून आणि तोडणीचा प्रश्न मध्यभागी ठेवून झाली. मात्र प्रयोग यशस्वी ठरणे आणि व्यवस्था बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ७ गावांतील हा प्रयोग पुढे वाढवताना सहकारी संस्थेतील अंतर्गत राजकारण आड आले, असे तोयामा यांनी २०१० साली लिहिले.