मोठे मत्स्यालय : आधी पाणी, मग पाने, शेवटी मासे

नवा टँक घरी येतो, त्याच संध्याकाळी त्यात पाणी भरले जाते आणि दुसऱ्या दिवशी डझनभर रंगीत मासे सोडले जातात. पंधरवडा उलटण्यापूर्वीच एकेक मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो आणि महिनाअखेर रिकामा टँक माळ्यावर जातो. शहरातील अनेक हौशी मत्स्यपालकांची सुरुवात अशीच होते. दोष दुकानदाराला दिला जातो. प्रत्यक्षात त्या पाण्यात मासे जगवणारी सजीवसृष्टी तयारच झालेली नसते. पाणवनस्पतींनी बहरलेले, निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र नांदणारे मोठे मत्स्यालय उभारायचे असेल, तर मासे सर्वांत शेवटी आणावेत, हा या छंदातील पहिला नियम होय.

जागा आणि वजन

चार फूट लांब, दीड फूट रुंद व दोन फूट उंच टँकमध्ये सुमारे ३४० लिटर पाणी मावते. काच, वाळू, दगड आणि स्टँड धरून त्याचे वजन पाच क्विंटलच्या घरात जाते. निवासी खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरमागे सुमारे २०० किलो भार गृहीत धरलेला असतो. त्यामुळे असा टँक खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईलगत किंवा भिंतीला समांतर ठेवावा. बाल्कनीत तो मुळीच ठेवू नये. इमारत जुनी असल्यास अभियंत्याचा सल्ला आधी घ्यावा. दोन फूट उंचीसाठी १२ मिलिमीटर जाडीची काच योग्य ठरते आणि तळाखाली थर्माकोलचा ताव घातल्यास भार समान विभागला जातो. खिडकीतील थेट उन्हाने शेवाळ माजते, म्हणून तीही जागा टाळावी.

मोठा टँक सांभाळणे अवघड, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक पाणी जितके अधिक, तितके त्याचे तापमान आणि रासायनिक गुणधर्म सावकाश बदलतात. लहान बाऊलमध्ये एका मेलेल्या माशाने सारे पाणी बिघडते. ३४० लिटरमध्ये चूक सुधारण्यास अवधी मिळतो.

जिवाणूंची वसाहत

लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकाच भांड्यात ठेवून केलेला प्रयोग १८५० मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पती माशांना प्राणवायू पुरवतात आणि कुजणारी पाने गोगलगायी फस्त करतात, असा समतोल त्यांनी दाखवून दिला. या समतोलातील जिवाणूंची भूमिका मात्र पुढे उलगडत गेली.

माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो अत्यल्प प्रमाणातही कल्ले जाळतो आणि पाणी जितके अल्कधर्मी व उष्ण, तितका अधिक घातक ठरतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता ते घटवते. दुसरे जिवाणू त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट बनवतात आणि वनस्पती ते खत म्हणून शोषून घेतात. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात हे दुसरे काम प्रामुख्याने नायट्रोस्पिरा गटातील जिवाणू करतात, हे १९९८ मध्ये पुढे आले. याच गटातील काही जिवाणू दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात, असे २०१५ मध्ये स्पष्ट झाले.

ही वसाहत फिल्टरमधील स्पंजावर, वाळूवर व दगडांवर वसते आणि ती पुरेशी वाढण्यास सहसा चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टँकमध्ये मासे नसावेत. रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू दिले, तरी जिवाणूंना अन्न मिळते. परिचिताच्या जुन्या, निरोगी मत्स्यालयातील स्पंजाचा तुकडा आपल्या फिल्टरमध्ये ठेवल्यास हा अवधी घटतो. चाचणी संचाने पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच मासे आणावेत, तेही एका वेळी पाच-सहा. फिल्टर तासाला टँकच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा असावा.

वनस्पतींची निवड

सहा ते सात सेंटिमीटर जाडीचा, स्वच्छ धुतलेल्या जाड वाळूचा थर मुळांना पुरतो. शंख-शिंपले टाकू नयेत, त्यांतील चुन्याने पाणी जड होते. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून फेस आला, तर त्यात चुना आहे असे समजावे. सह्याद्रीचा काळा पाषाण सहसा या परीक्षेत उतरतो.

नवशिक्यांनी आफ्रिकेतील अनुबियास, आग्नेय आशियातील जावा फर्न, व्हॅलिस्नेरिया व क्रिप्टोकोरिन यांपासून सुरुवात करावी. अनुबियास आणि जावा फर्न वाळूत न पुरता लाकडाला वा दगडाला बांधावेत, अन्यथा त्यांचे खोड कुजते. क्रिप्टोकोरिनची पाने नव्या टँकमध्ये विरघळल्यासारखी गळतात. मुळे शाबूत असल्यास नवी पाने फुटतात, तेव्हा रोपे उपटून फेकण्याची घाई करू नये. या गटातील क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस ही आपल्या देशातीलच. मात्र सड्यांवरील आणि पठारांवरील पाणवनस्पती कोणीही उपटून आणू नयेत. रोपवाटिकेत वाढवलेलीच रोपे घ्यावीत.

दिवा टायमरवर सात-आठ तासच चालवावा. सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडण्याची गरज वरील वनस्पतींना नसते. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी लोकप्रिय केलेल्या दाट हिरवळीच्या रचनेसाठी तो लागतो. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, म्हणून दिवा मालवल्यावर हा वायू बंद करणे आवश्यक आहे.

कोणते मासे, किती मासे

निऑन टेट्रा, रासबोरा, झेब्रा डॅनिओ आणि तळाशी वावरणारे कोरिडोरास हे शांत स्वभावाचे मासे असून कळपाने राहतात. प्रत्येक जातीचे किमान सहा असावेत. एंजलफिश मोठा झाला की निऑनला भक्ष्य करतो. गोल्डफिशला थंड पाणी मानवते आणि तो कोवळी रोपे खातो. काच साफ करण्यासाठी म्हणून विकला जाणारा सकरफिश फूटभराहून मोठा होतो. डोक्यापासून लाल पट्टा मिरवणारा डेनिसन बार्ब मूळचा केरळ-कर्नाटकातील पश्चिम घाटाचा. त्याच्या सह्याद्रिया या प्रजातीचे नावच सह्याद्रीवरून पडले आहे. शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी झालेली बेसुमार पकड हे त्याच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण असून त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. नदीतून पकडलेले असे मासे घेऊ नयेत.

नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या लहान टँकमध्ये ठेवल्यास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासारखे संसर्ग टळतात.

उन्हाळा आणि वीजखंड

पंचवीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, बत्तीस अंशांना तो सव्वासात मिलिग्रॅमवर येतो. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात म्हणूनच पाण्यावर पंखा सोडणे व पृष्ठभाग हलता ठेवणे हितावह असते. नाशिक, पुणे, नागपूर येथील हिवाळ्यात मात्र हीटर लागतो. वीज गेल्यास बॅटरीवरील एअर पंप सुरू करावा आणि माशांना खाऊ घालू नये. बंदिस्त फिल्टर काही तास थांबला, तर आतील जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. अशा वेळी आतले साचलेले पाणी ओतून देऊन मगच तो सुरू करावा.

आठवड्याचे काम

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणू व मासे दोहोंना मारक असल्याने ते पाणी चोवीस तास उघडे ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेटयुक्त औषध वापरावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुण्याची चूक सर्रास होते. तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे.

मासे नकोसे झाले, म्हणून ते तळ्यात वा नदीत सोडण्याची प्रथा सर्वांत घातक आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेला सकरफिश पूर्व कोलकात्याच्या पाणथळींसह देशातील अनेक जलाशयांत पसरला असून स्थानिक मासे व मच्छीमार दोघांनाही त्याची झळ बसते. न सांभाळता येणारा मासा दुकानदाराला परत करावा किंवा दुसऱ्या मत्स्यपालकाला द्यावा. चांगली निगा राखल्यास निऑन टेट्रासारखा चिमुकला मासाही चार-पाच वर्षे जगतो. खरेदीपूर्वी तेवढ्या वर्षांची तयारी आहे का, याचा विचार घरातील सर्वांनी मिळून करावा.