पाळी जाण्याच्या वयातली सांधेदुखी

चाळिशी ओलांडली की सज्द्यातून उठताना गुडघे धरतात, सकाळी बोटं आखडतात, खांदा वर जात नाही. आम्ही बायका ‘वय झालं’ म्हणतो आणि मेडिकलमधली गोळी घेऊन गप्प बसतो. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हे संप्रेरक वर-खाली होत कमी होतं. सांधे दुखणं, झोप उडणं, अंगातून गरम वाफा येणं याच्याशी जोडलेलं असतं.

मात्र सगळंच पाळीवर ढकलू नये. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, बी-१२, हिमोग्लोबिन डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. सांधा सुजला किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकला, तर संधिवाताची तपासणी हवीच. रोज चालावं. रमजानमध्ये दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये.

उभं राहून जमत नसेल तर बसून, तेही नाही तर कुशीवर नमाज पढण्याची मुभा बुखारी शरीफच्या हदीसमध्ये आहे. मग खुर्ची घ्यायला घरात कुणाची लाज? पाळी अनियमित झाली की हैज कोणता, इस्तिहाजा कोणता, हे आलिमाबाजींना विचारावं. वर्षभर पाळी थांबून पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र आधी डॉक्टर.