साठ तांबे आणि अजिंठ्याचे हिवाळे

एलिमेंटरीच्या वर्षी धुळ्यात आमच्या चित्रकलेच्या सरांनी वस्तुचित्रासाठी रोज दोनच भांडी सांगितली होती, एक तांब्या आणि एक वाटी. मी शहाणा! गणपतीच्या सुट्टीत तीन दिवसांत साठ तांबे काढले. साठावा पहिल्यापेक्षा वाकडा होता, आणि नंतर महिनाभर पेन्सिल हातात धरवली नाही.

ठरलेला धडा आणि जादा सराव यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न पीएचडीत पुन्हा भेटला.

मुंबईचं जे. जे. स्कूल 1857 चं. तिथे 1865 मध्ये जॉन ग्रिफिथ्स आले, ते लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या शिस्तीतले. त्या पद्धतीत रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी आखलेले 23 टप्पे होते. आधी उपकरणांनी रेषा, मग छापील नमुन्यावरून मुक्तहस्त बाह्यरेषा, मग प्रत्यक्ष वस्तू, छाया. रंग आणि मनुष्याकृती बऱ्याच उशिरा. आपल्या ग्रेड परीक्षांची भांडी आणि कर्तव्यभूमिती याच घराण्यातली.

पण ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेलं. जळगावपासून साठेक किलोमीटर, तेव्हा निजामाच्या हद्दीत. काम हिवाळ्याच्या मोसमात चालायचं. उन्हाळ्यात त्या दरीत काय होतं ते खानदेशी माणसाला सांगायला नको. मध्ये खंड पडत हे 1885 पर्यंत चाललं आणि सुमारे 300 प्रतिकृती झाल्या. पेस्तनजी बोमनजी त्यातलेच.

मी प्रकरणात झोकात लिहिलं, ‘अजिंठा हा अभ्यासक्रमाबाहेरचा जादा सराव होता.’ मार्गदर्शकांनी लाल पेनानं विचारलं, ‘कोणासाठी?’ बरोबरच होतं त्यांचं. सरकारनं पैसे दिले ते झिजत चाललेल्या भित्तिचित्रांच्या प्रतींसाठी, मुलांचा हात बसावा म्हणून नव्हे. ‘सराव’ हा अर्थ मी लावला होता, आणि तो माझ्या साठ तांब्यांमधून आला होता. शिवाय बोमनजी पुढे नावाजले ते पारशी माणसांच्या आणि घरांच्या तैलचित्रांसाठी. अजिंठ्यानं त्यांना नेमकं काय दिलं, हे त्या चित्रांकडे नुसतं बघून सिद्ध होत नाही.

प्रश्न टाकून दिला नाही, लहान केला. सराव ‘किती’ झाला हे सोडलं आणि ‘कधी’ झाला ते धरलं. शाळेचा क्रम एकीकडे, लेण्यांतला मोसम दुसरीकडे, आणि दोन मोसमांमध्ये महिन्यांचं अंतर. हे अंतर शिकवणाऱ्यानं आखलेलं नव्हतं. ऊन, पैसा आणि प्रवास यांनी ते पाडलं. तरी ते होतं, आणि तारखांनी दाखवता येतं.

तुलनेला मेजर रॉबर्ट गिल आहेत. 1844 मध्ये नेमणूक झाली आणि हा लष्करी माणूस वर्षानुवर्षं तिथेच राहिला. त्यांच्या बहुतेक प्रती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्याही शंभरहून अधिक 1885 च्या आगीत जळाल्या. म्हणजे पहिली प्रत आणि शेवटची प्रत शेजारी ठेवून ‘हात सुधारला’ म्हणायची सोय बरीचशी गेलीच. गिल 1879 मध्ये वारले. कबर भुसावळला आहे.

सध्या एक साधा तक्ता भरतोय: मोसम, लेणं क्रमांक, प्रत काढणाऱ्याचं नाव, प्रत उरली की जळाली. रोज दहाच ओळी. अकरावीला चुका सुरू होतात.